तिसऱ्या गाडीचा नारळ

ज्या घरात तीन मालमोटारी असतात, त्या घरात दोन गोष्टी रोज साठतात. धूळ आणि किस्से. धूळ निदान झाडून उंबऱ्याबाहेर टाकता येते. किस्से घरातच राहतात, आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्यावर आणखी एक थर बसतो.

मी या घरात गेल्या लग्नसराईत आले. माहेर देऊळगाव राजाचं, वडील शाळामास्तर. सासर खामगावचं, कापसाच्या जिनाच्या मागच्या गल्लीत. सासऱ्यांना मी मामाजी म्हणते, सासूबाईंना आत्याबाई. मामाजींच्या तीन गाड्या. एक नत्थूदादा चालवतात. ते मामाजींच्याच वयाचे, मिशा पांढऱ्या. दुसरी रामधन चालवतो. चालवतो कमी आणि बोलतो जास्त. तिसरीवर आमचे हे. शिवाय नणंद कमल, शाळेत जाणारी. आमच्याकडे वर्तमानपत्र येत नाही, कमलमुळे गरजही पडत नाही.

मी फारशी बोलत नाही. त्यामुळे मला ऐकूही येत नसावं असं समजून लोक माझ्यासमोर काहीही बोलतात. हे किस्से असे जमले. हसण्यासारखे आहेत. मीही हसले, पदर तोंडावर धरून. आता पदर दर वेळी हसू लपवायलाच धरला होता असं मात्र नाही.

* * *

पहिला किस्सा कायद्याचा.

हातावरची मेंदी अजून पुसली गेली नव्हती. कचेरीतून एक छापील कागद आला होता. मालमोटारीच्या ड्रायव्हरनं किती तास गाडी चालवायची, कधी थांबायचं, कधी सुटी घ्यायची, आणि हे सगळं मालकानं वहीत कसं लिहून ठेवायचं, याचा नवा कायदा. मामाजींनी तो कागद उलटा-सुलटा करून पाहिला आणि म्हणाले की मॅट्रिक पास सून आपण काय नुसत्या भाकरी थापायला आणली आहे का? वाच म्हणावं मोठ्यानं.

झालं! ओसरीवर नत्थूदादा, रामधन, गाडी भरायला आलेले हमाल, दारात आत्याबाई, आणि समोर सरकीच्या ढेपेच्या पोत्यावर हे. मी डोक्यावरचा पदर सारखा करून वाचायला लागले. सरकारी मराठी तुम्हाला माहीतच आहे. दर ओळीत एकच शब्द. 'चालकास अर्धा तास विश्रांती द्यावी.' 'विश्रांतीच्या काळात चालकास कामास बोलावू नये.' 'चालकास रात्रीची पुरेशी झोप मिळेल अशी तजवीज मालकाने करावी.'

शेवटच्या ओळीला नत्थूदादांना खोकला आला. हमाल जमिनीकडे बघायला लागले. नव्या नवरीनं, नवऱ्यासमोर बसून, चारचौघांत वाचायचं वाक्य नव्हतंच ते!

रामधन गंभीर चेहऱ्यानं म्हणाला, "मालक, ज्या साह्यबानं हे लिवलं ना, त्याचं बी नवंनवं लगन झालं असंन."

ओसरी हसली. ह्यांचे कान लाल झाले. मी कागद तोंडासमोर धरला.

हसणं ओसरल्यावर मामाजींनी निकाल दिला. कायदा ड्रायव्हरसाठी आहे. नत्थू आणि रामधन ड्रायव्हर. पण हा तर मालकाचा पोरगा. "घरच्या माणसाले कायचा कायदा?"

मग मी वहीत दोनच नावं लिहिली. तीन गाड्या आणि दोन ड्रायव्हर. आमची तिसरी गाडी सरकारच्या लेखी आपली आपणच चालत होती!

* * *

वही माझ्याकडे आली, पण लिहायचं काय? रामधनच्या मनगटावर घड्याळ होतं, लग्नात मिळालेलं. ते चालत नसे. नत्थूदादा सूर्य बघून वेळ सांगत, आणि ढग आले की सांगत नसत. गाडी वाटेत थांबली की नाही, हे खामगावात बसून कोणाला कळणार?

मामाजींनी डोकं लढवलं. वऱ्हाडात रस्ता आहे तिथं मारुती आहे. बोथ्याच्या घाटात आहे, मलकापूरच्या वाटेवर आहे, अकोल्याच्या आहेच आहे. तर निघताना ड्रायव्हरनं एक नारळ न्यायचा. वाटेतल्या मारुतीपुढं गाडी थांबवायची, हातपाय धुवायचे, नारळ फोडायचा, चहा प्यायचा. एक वाटी देवाला, दुसरी घरी आणून सुनेला दाखवायची. एवढं सगळं करायला अर्धा तास लागतोच. वाटी दिसली की मी वहीत लिहायचं, विश्रांती घेतली.

कोठीत नारळाचं पोतं येऊन पडलं. मला वाटतं, कायदा आणि मारुती यांना एकाच कामावर ठेवणारं आमचं पहिलंच घर असावं.

पण त्या वाट्या जायच्या कुठं? आमच्याकडे खोबरं म्हणजे सणावारी, चिमूटभर. आता रोज. वांग्याच्या भाजीत खोबरं, वरणात खोबरं, अंबाडीच्या भाजीतसुद्धा खोबरं. एक दिवस आत्याबाईंनी किसणी खाली ठेवली आणि म्हणाल्या, "आपण काय कोकणातून पयून आलो का हो?"

समोरच्या घरी गुलाबचंदजी राहतात. त्यांच्याही गाड्या आहेत. त्यांनी गल्लीतून जाता जाता विचारलं, शेठ, मोटारीचा धंदा बंद करून नारळाचं दुकान काढलं म्हणतात, खरं का? त्या दिवसापासून मामाजी त्यांच्याशी बोलत नाहीत.

ह्यांना अर्थातच नारळ नव्हता. घरच्या माणसाला कायदा नाही, तर नारळ कशाला?

* * *

रामधननं आणलेली एक वाटी आत्याबाईंनी घाईत किसून भाजीत घातली. पहिला घास मामाजींनी घेतला आणि तसाच तोंडात धरून बसले. मग कमलनं घेतला आणि ती सरळ मोरीकडे पळाली. भाजीला गाडीचा वास येत होता.

मी उरलेली वाटी उजेडात नेऊन पाहिली. कडेला काळं वंगण!

आमच्या गाड्यांचं सेल्फ कधीच चालत नाही. लांब लोखंडी हँडल घ्यायचं, गाडीच्या पुढून खुपसायचं आणि कंबर मोडेपर्यंत फिरवायचं, तेव्हा ती सुरू होते. रामधनला रेल्वेचं फाटक बंद मिळालं होतं. त्यानं विचार केला, थांबलोच आहोत तर विश्रांतीही इथंच उरकून घेऊ. हँडलचा एक टोला घातला आणि नारळ फोडला. मारुती बिचारा पुढं वाट बघत राहिला.

मामाजींनी त्याला ओसरीवर उभं केलं. रामधन म्हणाला की वाटी मारुतीचीच आहे, देवाशपथ.

"मंग मारुतीनं शेंदूर सोडून ग्रीस लावाले कवापासून सुरुवात केली बे?"

रामधननं दोन क्षण विचार केला. "मालक, तो ट्रकवाल्याइचा मारुती हाये."

* * *

नत्थूदादांचा किस्सा किलोमीटरचा.

रस्त्यावरचे मैलाचे दगड जाऊन किलोमीटरचे आले. बुलडाण्याला जाताना दगडावर पूर्वी तीस दिसायचे, तिथं एकदम अठ्ठेचाळीस दिसायला लागले. नत्थूदादा फेरी करून आले, गाडी लावली आणि पुढच्या खेपेला दोन नारळ मागितले. कारण विचारलं तर शांतपणे म्हणाले, सरकारनं रस्ता लांब केला.

मामाजींनी त्यांना समजावलं. रस्ता तोच, घाट तोच, झाडं तीच. फक्त मोजायची पद्धत बदलली. कापडवाल्यानं वार सोडून मीटर धरला म्हणून काय लुगडं लहान होतं? बराच वेळ समजावलं.

नत्थूदादांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "गादीवर बसणाऱ्यासाठी तेवढाच असंन, मालक. स्टेरिंगवर बसून पाहा."

मामाजींनी दोन नारळ दिले.

मी वहीत दोनदा विश्रांती लिहिली. लिहिताना अंगणात बघितलं. हे दोन्ही हातांवर पाणी घेऊन डोळ्यांवर मारत होते. अकोल्याहून आले होते आणि मलकापूरला निघाले होते. मधे फक्त अंगण होतं.

* * *

आता तुम्ही म्हणाल, मग बोलायचं ना! एवढी वही लिहितेस, सांगायचं मामाजींना, ह्यांनाही विश्रांती पाहिजे म्हणून.

लग्नाला थोडे दिवस झालेल्या बाईनं हे वाक्य बोलून बघावं!

मी आधी कमलपाशी बोलले. फार जपून. म्हटलं, तुझ्या दादाचे डोळे किती लाल असतात नाही? कमलनं ऐकलं आणि तासाभरात गल्लीत बातमी पोचली की वहिनीला दादा घरी पाहिजे.

दुसऱ्या दिवशी गुलाबचंदजींच्या घरी हळदीकुंकू होतं. मामाजी बोलत नसले तरी बायकांचं येणंजाणं चालू होतं. एक बाई मला अत्तर लावता लावता म्हणाली, "काहो, तुमच्या वहीत नवऱ्याले सुटी लिवता येते का?" दुसरी म्हणाली, लिवता येईन, पण कारण काय लिवाचं? मग ज्या हसल्या! मी वाण म्हणून मिळालेल्या पेरूकडे बघत बसले. त्या पेरूवर किती डाग होते ते मला अजून आठवतं.

शेवटी मी ह्यांच्याशीच बोलले. म्हटलं, एक फेरी नाही म्हणा ना. ते बूट काढत होते. एक बूट हातातच राहिला.

म्हणाले, "मी नाही म्हणलो तं रामधन काय म्हणीन? लगन झालं अन् गडी ढिला पडला म्हणीन."

म्हणजे दोघांनाही लाज. मला त्यांची झोप मागायची लाज, त्यांना ती घ्यायची लाज. आणि कायद्याला काहीच लाज नव्हती. तो आपला सगळ्यांसमोर झोप, झोप करत होता.

* * *

ऐन दुपार होती. हे जेवून खोलीत आडवे झाले होते. गाडी भरत आली तशी मामाजींनी सांगितलं, उठव त्याले. मी चहा घेऊन गेले, दार उघडंच होतं. हाक मारायची तर नाव घेता येत नाही. 'अहो' दोनदा म्हटलं. मग वाकून खांदा हलवायला हात पुढं केला.

त्यांनी माझं मनगट धरलं. डोळे मिटलेले. मनगट धरून खाली ओढलं, बाजूला सारलं आणि वर ढकललं. त्याच वेळी पायानं पांघरूण दाबलं, क्लच दाबावा तसं.

दुसरा गिअर!

मी हात सोडवायला बघते तर पकड आणखी घट्ट. "सरक ना बे," ते पुटपुटले, "घाट आला." आणि मला पहिल्या गिअरमध्ये टाकलं. एका हातात चहाचा कप, दुसरा हात घाट चढतोय, आणि दारात कमल! ती "अगं बाई" म्हणून जी पळाली ती थेट ओसरीवर. तिनं तिथं काय सांगितलं ते मी विचारलं नाही. पण मी बाहेर आले तेव्हा हमाल ढेपेकडे बघत होते आणि रामधन दोन्ही हात हवेत धरून कोणाला तरी गाडी चालवून दाखवत होता.

त्या दिवशी मी भिंतीकडे तोंड करून भाकरी थापल्या. मनगटावर चार बोटं उमटली होती. सगळे हसत होते आणि माझ्या मनात एकच. ज्याला झोपेत घाट दिसतो, त्याला घाटात काय दिसत असेल?

* * *

त्याचं उत्तर आठवडाभरात घरी आलं.

तिसरी गाडी आली ती एका बाजूचा आरसा गमावून. ताडपत्री फाटलेली, आणि फळ्यांमध्ये बाभळीची अख्खी फांदी अडकलेली. हे खाली उतरले, हसले आणि म्हणाले, बाभूळ रस्त्यात आली. तेवढ्यानं भागलं. रामधननं तर दिवसभर तोच धंदा केला. कोणी दिसलं की म्हणायचा, "जपून जा हो, आजकाल बाभयी फिराले निघून राह्यल्या."

ताडपत्री शिवायची म्हणून आत्याबाई आणि मी अंगणात तिच्यातले काटे काढत बसलो. एकेक काटा बोटाएवढा. आमच्यात मी गप्प असणं रोजचं. आत्याबाई गप्प असणं नवीन होतं.

मामाजींचे समोरचे दोन दात सोन्याचे आहेत. मला इतके दिवस वाटायचं, भरभराटीचे असतील. आत्याबाईंनी एक काटा उजेडात धरून बघितला, बाजूला टाकला आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तुह्या मामाजीचे दात बी असेच गेले. स्टेरिंगवर. तवा मी तुह्याएवढी होती."

मी विचारलं, "तुम्ही काही बोलल्या नाहीत?"

"कोणाले बोलू? अन् काय बोलू?" त्या म्हणाल्या. "तुले बोलता येऊन राह्यलं का?"

* * *

मग साहेब आले. कामगारांच्या तासांची तपासणी करणारे, तरुण, चष्म्याचे. मामाजींनी त्यांना खुर्ची दिली, शेंगदाण्याची चिक्की दिली आणि वही घेऊन मला बोलावलं. जिनं लिहिलं तिनंच दाखवावं म्हणून.

साहेबांनी पानं उलटली. अक्षर चांगलं आहे म्हणाले. नारळाचा प्रकार मामाजींनी मोठ्या अभिमानानं सांगितला, तो ऐकून त्यांनी चष्मा पुसला. कायद्यात नारळ नाही, पण नकोही म्हटलेलं नाही, असं काहीतरी म्हणाले. मग अंगणात उभ्या असलेल्या गाडीकडे बघून त्यांनी मलाच विचारलं, "ही तिसरी गाडी. हिच्या ड्रायव्हरचं नाव काय?"

मी खाली मान घातली.

त्यांनी पुन्हा विचारलं. मी पुन्हा गप्प. साहेबांचा आवाज जरा कडक झाला. माहिती लपवणं बरं नाही म्हणाले.

मामाजी मजेत होते. "लपवून नाही राह्यली, साह्यब. नवरा हाये तिचा. नाव कसं घेईन?"

साहेब गोंधळले. घाईनं वहीत बघू लागले. मग मामाजींना म्हणाले, ठीक आहे, तुम्ही सांगा, त्यांचंही नाव इथं पाहिजे. मामाजींनी तोच निकाल ऐकवला. तो कामगार नाही, पोरगा आहे.

"पोराला झोप लागत असेल ना?" साहेब म्हणाले.

"ते मले काय माहीत? त्याची बायको उभी हाये, तिले इचारा."

रामधनला चहाचा ठसका लागला. साहेबांनी चिक्कीचा तुकडा बशीत परत ठेवला. नाव लिहून ठेवा, एवढंच म्हणून ते उठले, आणि जाताना त्यांनी माझ्याकडे बघायचं टाळलं. मला वाटतं त्यांनाही लाज वाटली. त्या ओसरीवर तेव्हा फक्त मामाजींना वाटत नव्हती.

दारात आत्याबाई उभ्या होत्या. त्या हसल्या नव्हत्या.

नाव लिहिलं गेलं नाही. मामाजींनी सांगितलं नाही, आणि त्यांनी सांगितल्याशिवाय मी लिहिणार कशी?

* * *

आता शेवटचा.

हे अकोल्याहून सकाळी आले. त्याआधी मलकापूर, त्याआधी जालना. आल्या आल्या गाडी तेलाच्या गिरणीत गेली, ढेप भरून अंगणात उभी राहिली. जालन्याला परत जायची होती. बोथ्याच्या घाटातून.

ह्यांनी अंघोळीचं पाणी मागितलं आणि ते तापेपर्यंत झोपून गेले. हातात टॉवेल तसाच.

त्यांची एक सवय आहे. हँडल चोरीला जातात म्हणून ते गाडी लावली की हँडल घरात आणतात आणि आमच्या खोलीच्या दारामागे उभं करतात. नवीन नवरीच्या खोलीत ते काळं हँडल बघून माझ्या आईला रडू आलं होतं. त्या दिवशीही ते तिथंच होतं.

बाहेरून मामाजींची हाक आली, उठव त्याले. मी आत गेले. ह्यांच्याकडे पाहिलं. हात पुढं केला नाही. मनगट अजून लक्षात होतं. मग माझी लग्नातली पेटी उघडली, शालू वर उचलला, हँडल आडवं खाली ठेवलं, शालू घातला आणि झाकण लावलं. बाहेर येऊन चूल फुंकायला बसले.

थोड्या वेळानं अंगणात शोधाशोध सुरू झाली. सीटखाली, हत्यारांच्या पेटीत, चाकांमागे. नत्थूदादा आणि रामधन आपापल्या गाड्या घेऊन बाहेरगावी गेलेले, त्यामुळे दुसरं हँडलही घरात नव्हतं. हमालांनी धक्का मारून पाहिला. ढेपेनं भरलेली गाडी! जागची हलली नाही, एका हमालाची चप्पल तेवढी तुटली. समोर गुलाबचंदजींकडे हँडल होतं. मामाजींनी टोपी घातली, फाटकापर्यंत गेले, समोरच्या ओसरीवर गुलाबचंदजी बसलेले दिसले, तसे परत आले आणि टोपी काढून ठेवली.

राहिली आमची खोली. मामाजी दारापर्यंत आले. दार लोटलेलं. त्यांनी खोकून बघितलं. आतून काही नाही. सुनेच्या खोलीत सासऱ्यानं पाऊल कसं टाकायचं? ज्या लाजेनं मला इतके दिवस कोपऱ्यात बसवलं, ती त्या दिवशी दारात पहारा देत उभी होती! मामाजी मागे फिरले आणि आत्याबाईंना म्हणाले, जा, बघ, आणि त्याले उठवून इचार, कुठी ठेवलं.

मी आत्याबाईंच्या मागोमाग गेले.

त्यांनी दारामागे पाहिलं. भिंतीला हँडलचा काळा डाग होता, हँडल नव्हतं. मग पेटीकडे पाहिलं. शालूचा काठ झाकणाबाहेर राहिला होता, आणि त्यावर वंगणाची चार बोटं. माझी.

आत्याबाई वाकल्या. त्यांनी काठ आत सारला. झाकण नीट बसवलं. ह्यांच्याकडे वळून बघितलं. त्यांनी कूससुद्धा बदलली नव्हती. मग त्या बाहेर गेल्या.

"तो म्हणते, गाडीतच ठेवलं," त्या अंगणात मामाजींना म्हणाल्या. "अन् आरडून नका राहू."

हमाल घरी गेले. ऊन भिंतीवरून उतरलं. कमल शाळेतून आली, तिला कोणीतरी दाराशी बसवून गप्प राहायला सांगितलं, आणि ती चक्क गप्प राहिली. हे झोपलेलेच होते.

दिवेलागणीला आत्याबाईंनी कोठीतून हाक मारली. मामाजी गेले, मागून मी. नारळाच्या पोत्याचं तोंड उघडं होतं, आणि आत नारळांच्या मधोमध हँडल उभं होतं. स्वच्छ पुसलेलं.

"बापा," आत्याबाई म्हणाल्या, "हे इथी कसं आलं?"

मी ते तिथं ठेवलं नव्हतं.

मामाजींनी हँडल पाहिलं. पोतं पाहिलं. आत्याबाईंकडे पाहिलं. आत्याबाईंनीही त्यांच्याकडे पाहिलं, सरळ त्यांच्या सोन्याच्या दातांकडे. मग मामाजींनी पोत्यात हात घातला, हँडल तसंच राहू दिलं, बाजूचा एक नारळ काढला आणि माझ्या हातात दिला.

"वही आण," ते म्हणाले. "लिव. नारय आला."

मी वही आणली. दोन नावांखाली तिसरी ओळ आखली. "कोणाच्या नावावर?" मी विचारलं.

मामाजी भिंतीकडे बघत होते. "तुले मालूम नाही काय?"

कमल दारात होती, आत्याबाई समोर. खोलीचं दार अर्धं उघडं होतं.

"भास्कर," मी म्हणाले.

आणि आतून, गाढ झोपेतून, हे म्हणाले, "हाव."